जीभ दाखवा म्हणालो, हिरड्या पाहिल्याच नाहीत

जुना_स्टेथो (बार्शी)

मंडळी, मी साधा फॅमिली डॉक्टर. एमबीबीएस, बार्शीत एकतीस वर्षं. दवाखाना जुना, बाहेरचं बाकडं जुनं, कंपाउंडर तर माझ्याहून जुना. इथे बरेच दिवस नुसता वाचत असतो. आज लिहायला बसलो कारण मागच्या महिन्यात एका चिठ्ठीनं माझी मिजास उतरवली.

पेशंट एक बाई, वय ४६, आडतीवर हिशेब लिहितात. बार्शीचा बाजार ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ज्वारी-तुरीच्या हंगामात गादीवर सकाळी बसलेला माणूस दिवे लागल्यावरच उठतो. नऊ वर्षं माझ्याकडे बीपीला येतात. ॲम्लोडिपिन ५. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. दर महिन्याला मी बीपी बघणार, काट्यावर उभं करणार आणि तेच म्हणणार, "ताई, वजन उतरवा." त्या हसणार, गोळ्या घेऊन जाणार. मधे दोन-तीनदा म्हणाल्याही होत्या, "डॉक्टर, ब्रश केला की रक्त येतं." एकदा मी व्हिटॅमिन सी लिहून दिलं. एकदा माउथवॉश. एकदा नुसतंच म्हणालो, "मऊ ब्रश घ्या."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका तरुण मुलीनं दातांचा दवाखाना काढलाय, हिरड्यांची तज्ज्ञ, एमडीएस. बाईंची दाढ हलायला लागली तशा त्या परस्पर तिच्याकडे गेल्या. तिनं पावतीपुस्तकातला कागद फाडून मला चिठ्ठी पाठवली: "सर, हिरड्यांचा आजार सगळीकडे आहे. पॉकेट ५ ते ७ मिमी, खालच्या डाव्या दाढेला ८. कंबर ९८ सेंमी. कृपया एचबीए१सी करावी. वजनाबद्दल आपण बोलत असालच, हिरड्यांचाही उल्लेख करावा ही विनंती."

(पॉकेट म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधला खळगा. एचबीए१सी म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी.) खरं सांगतो, आधी डोकं फिरलं. काल आलेली दातांची डॉक्टर मला शुगर शिकवणार? कंबर मोजायला हिला सांगितलं कुणी? चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. दोन दिवसांनी बाई स्वतःच लॅबचा रिपोर्ट घेऊन आल्या. ७.१. म्हणजे मधुमेह.

त्यांचं कार्ड काढलं. मागची उपाशीपोटी शुगर चौदा महिन्यांपूर्वीची. १०८. पुढे माझ्याच अक्षरात "ठीक". १०८ ठीक नसते हे मला कळत नाही असं नाही. त्या दिवशी बाहेर चाळीस माणसं बसली होती, एवढंच.

मग मी स्वतःच्या तपासणीकडे जरा लक्ष देऊन बघितलं. एकतीस वर्षं मी प्रत्येकाला "आ करा, जीभ बाहेर काढा" म्हणत आलोय. जीभ पांढरी का, कोरडी का, ते बघतो. लाकडी पट्टीनं ती दाबतो आणि टॉर्च थेट घशात. म्हणजे बार्शीहून निघालेल्या गाडीनं कुर्डुवाडीला न थांबता एकदम पंढरपूर गाठावं तसं. दात आणि हिरड्या वाटेत लागतात, पण मी तिथे कधी उतरलोच नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा हातमोजा घालून बाईंचा खालचा ओठ ओढून बघितला. दोन दातांमध्ये हिरडीचं जे टोक असतं ते फिकट गुलाबी, घट्ट असावं. इथे ते जांभळट, सुजलेलं, तेल लावल्यासारखं चकाकत होतं. बोटानं जरा दाबलं तर कडेनं रक्ताचा थेंब आला आणि पाठोपाठ साजूक तुपाच्या कणीएवढा पू. हे नऊ वर्षं माझ्या टॉर्चपासून दोन इंचांवर होतं.

आता विचारायचं ते असं. मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं मला ठाऊक होतं, निदान परीक्षेपुरतं. पण नुसत्या लठ्ठपणाचं हिरड्यांशी वेगळं काही नातं आहे का, की सगळं शुगरच्याच वाटेनं जातं? दुसरं, दिवसाला साठ-सत्तर पेशंट बघणाऱ्या माणसानं अर्ध्या मिनिटात तोंडात नेमकं काय बघायचं? आणि तिसरं मला सगळ्यात अवघड वाटतं: जाड माणसाला आधीच सगळे बोलत असतात. त्यात "तुमच्या हिरड्याही वजनामुळे" हे कसं सांगायचं?

हिरडीबाई (नाशिक)

डॉक्टर, आधी त्या चिठ्ठीवालीला माझा नमस्कार सांगा. अशा चिठ्ठ्या मी बारा वर्षं लिहितेय. फॅमिली डॉक्टरांकडून उत्तरं आली ती एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातलं एक "ओके" एवढंच होतं.

नातं आहे. किती घट्ट ते सांगते, फुगवून नाही.

चरबी म्हणजे नुसती धान्याची कणगी नव्हे, भरली आणि झाकण लावलं अशी. ती स्वतः रसायनं सोडते. पोटाभोवतीची चरबी वाढली की टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ ही दाह पेटवणारी मंडळी रक्तात वाढतात, आणि दाह आवरणारं ॲडिपोनेक्टिन कमी होतं. आता हिरडीच्या कडेला जंतूंचा थर तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच असतो. पण त्या थरावर शरीर किती चवताळून उठतं, त्यावर दाताभोवतीचं हाड किती जाणार हे ठरतं. लोकांना वाटतं जंतू हाड खातात. हाड आपल्याच पेशी विरघळवतात, जंतू फक्त भांडण लावून देतात. अंगात आधीच दाह धुमसत असेल तर ते भांडण लवकर विकोपाला जातं.

पुरावा म्हणाल तर १९७७ साली उंदरांवर पहिल्यांदा दिसलं. माणसांत १९९८ ला, जपानमधल्या २४१ निरोगी लोकांत. न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छोटं पत्र आलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांत एक गोष्ट दिसली ती मी कायम लक्षात ठेवते: लठ्ठपणा आणि हिरड्यांचा आजार यांचा संबंध १८ ते ३४ वयात स्पष्ट होता, पुढच्या वयात नाही. म्हणजे तुमच्याकडे फिटनेसचा दाखला मागायला येणारा पंचविशीतला जाड मुलगा, त्याचा ओठ आधी उचला. २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज झाली तेव्हा लठ्ठ माणसांत हा आजार असण्याचं गुणोत्तर १.३५ निघालं (१ म्हणजे फरक नाही). तंबाखूपुढे हा आकडा लहान आहे. पण शुगर, तंबाखू वगैरे बाजूला काढूनही काहीतरी उरतंच, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शुगर हा हमरस्ता, चरबी ही पायवाट, आणि बहुतेक पेशंट दोन्हीवरून येतात.

आणि हेही सांगते की आमच्या २०१८ च्या नव्या वर्गीकरणात आजार किती वेगानं वाढेल हे ठरवताना दोनच गोष्टी अधिकृत धरल्यात, तंबाखू आणि मधुमेह. लठ्ठपणा त्या यादीत अजून नाही. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून फार अपराधी वाटून घेऊ नका. आमच्यातल्याही कित्येकांना नाही.

अर्ध्या मिनिटाचं: विचारा, "थुंकल्यावर बेसिनमध्ये लाल दिसतं का? पुढच्या दातांत पूर्वी नसलेली फट पडली का? एखादा दात हलतो का?" मग ओठ वर, ओठ खाली, टॉर्च. झालं. एक सावधगिरी. तंबाखू आणि विडीवाल्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, वरून त्या बऱ्या दिसतात. तिथे "रक्त येत नाही" या उत्तरावर विसंबू नका. पॉकेट मोजायचं काम आमचं. आम्ही एका दाताला सहा ठिकाणी काडी घालतो, ३ मिमीपर्यंत ठीक, ४ पासून पुढे काळजी.

पेशंटला आणि डॉक्टरांना मी एक हिशेब सांगते. हिरड्यांचा आजार तोंडभर असेल तर आतल्या बाजूची ती सोललेली जागा उलगडून मांडली तर ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. मधुमेह्याच्या तळपायाला एवढी जखम असती तर तुम्ही रोज ड्रेसिंगला बोलावलं असतं की नाही?

ता.क. नऊ वर्षं ॲम्लोडिपिन म्हणालात. हिरड्या दातांवर चढल्यात का, पुढच्या दातांत? तुमच्या वर्णनातली "सुजलेली, चकाकणारी" टोकं वाचून थांबले.

शंकासुर (पुणे)

सगळं वाचलं. माझा धंदा आकड्यांचा आहे म्हणून बोलतो, राग मानू नका. जो रात्री अकराला क्रीमरोल खातो, व्यायाम करत नाही, न घासता झोपतो, त्याचं वजनही वाढणार आणि हिरड्याही सुजणार. दोन्हींचं कारण तिसरंच. हा सहसंबंध झाला. यावरून कंबर मोजून चिठ्ठ्या पाठवणं म्हणजे जरा जास्तच. हिरड्या साफ केल्या तर वजन उतरतं का, याचं हो की नाही एवढं उत्तर द्या. नाही तर मग हे दुकान कशासाठी?

आणखी एक. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२ आहे आणि मला पायरिया आहे. आता बोला.

हिरडीबाई (नाशिक)

नाही, उतरत नाही. हिरड्यांच्या उपचारानं वजन कमी होतं असं कुणी सांगितलं तर तिथून चपला घालून निघा.

शुगर मात्र थोडी उतरते. मधुमेह असलेल्यांत हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ नं खाली येते, यावर २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात, बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. ०.४ लहान वाटतं, पण ते एखादी जादा गोळी न घेता मिळतंय. बाईंचा रिपोर्ट आहे ७.१.

तिसऱ्या कारणाबद्दल तुमचं बरोबर आहे आणि तो प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. पण फॅमिली डॉक्टरला ओठ उचलायला कार्यकारणभाव सिद्ध व्हायची वाट कशाला बघायला हवी? दोन गोष्टी एकाच माणसात बरोबर सापडतात एवढं पुरे आहे. एक दिसली की दुसरी शोधायची. चिठ्ठीचा उपयोग तेवढाच, आणि इथे तो झाला.

जुना_स्टेथो (बार्शी)

शंकासुर, तुमच्या २२ बद्दल मी बोलतो, कारण ते तुमच्याच गावातलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२. तेव्हा काट्यावर बारीक असलेला आपला माणूस आत बारीक असतोच असं नाही. आपल्याकडे २३ पासून वजन जादा आणि २५ पासून लठ्ठपणा धरायला सांगितलंय ते त्यासाठीच. कंबर बायकांची ८० सेंमी, पुरुषांची ९० सेंमीच्या आत हवी. टेप आणा आणि बेंबीच्या जरा वर धरून मोजा, पोट आत न ओढता. मी काल आरशासमोर मोजली. आकडा सांगत नाही.

मॅडम, तुमचा ता.क. वाचून मी रात्री साडेअकराला परत ड्रॉवर उघडला. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्या मुलीनं तेही लिहिलं होतं: "पुढच्या दातांत हिरडी वाढलेली वाटते. बीपीची गोळी कोणती?" मी चिठ्ठी उलटून बघितलीच नव्हती.

फिट्सच्या फेनिटोइन गोळीनं हिरड्या वाढतात हे आम्हाला तोंडी परीक्षेत हमखास विचारायचे आणि आम्ही फटकन सांगायचो. ॲम्लोडिपिननंही वाढतात हे वाचलेलं होतं, पण मी ती गोळी रोज वीस-पंचवीस जणांना लिहितो आणि आजवर एकाच्याही हिरड्या या नजरेनं पाहिल्या नाहीत. पाय सुजले का हे मात्र प्रत्येकाला न चुकता विचारतो.

एमबीबीएसला दातांच्या विभागात आमची पंधरा दिवसांची पाळी असायची. ते पंधरा दिवस आम्ही कुठे असायचो हे कॅन्टीनवाल्याला विचारा.

एकशेबारा (डोंबिवली)

मी डॉक्टर नाही. वजन ११२ म्हणून हे नाव. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेशंटच्या खुर्चीतून देतो.

मी कानात मळ झाला म्हणून गेलो तरी वजनावर बोलतात. पायात काटा मोडला तरी वजन. शेवटी मी डॉक्टरकडे जायचंच टाळायला लागलो, घरात गोळी शोधून घ्यायची. तुम्ही नऊ वर्षं "ताई, वजन उतरवा" म्हणालात. साधारण चौथ्या-पाचव्या वेळेनंतर ते ऐकू येत नाही. लोकल यायच्या आधीची घोषणा ऐकू येत नाही तसं.

माझं झालं असं. आठ वर्षांपूर्वी उजवीकडच्या दोन दाढा दुखायला लागल्या, मग डावीकडची हलायला लागली. रक्त यायचं, वास यायचा. ऑफिसात बोलताना मी तोंडापुढे हात धरायला लागलो. पहिली बंद झाली ती भाकरी. मग काकडी, गाजर, मोड आलेली मटकी, पेरू. जे चावावं लागतं ते सगळं गेलं आणि जे नुसतं गिळता येतं ते राहिलं. सकाळी चहात पाव. दुपारी मऊ भात-वरण. संध्याकाळी खारी, तीही चहात. रात्री परत भात. तीन वर्षांत चौदा किलो. घरात, दवाखान्यात सगळ्यांनी धरून चाललं की हा चोरून गोड खातो. भाकरी का सोडली हे एकानंही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, लाज वाटायची. चाळिशीत दात हलतात हे कुणाला सांगणार?

तेव्हा माझं म्हणणं असं की नातं दोन्ही बाजूंनी असतं. सुरुवात तोंडापासून करा. "काय चावता येतं, कुठल्या बाजूनं चावता?" हे विचारलं असतं तर मी घडाघडा बोललो असतो. हिरडीबद्दल बोलताना माणसाला आळशी, खादाड असं काही म्हटल्यासारखं वाटत नाही. मग साखर तपासू म्हणा. वजनाचं त्या दिवशी नाही काढलं तरी चालेल. काटा काय, पुढच्या महिन्यातही तिथेच असणार.

टेपवाली_ताई (अक्कलकोट तालुका)

नमस्कार. मी आशा आहे. डॉक्टर कंबर कोण मोजतं म्हणाले म्हणून लिहिते. आम्ही मोजतो. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा आमच्याकडे फॉर्म असतो, त्यात कंबर भरायची असते आणि त्याच कागदावर तोंडाचंही विचारायचं असतं. जखम दोन आठवड्यांत बरी होत नाही का, पांढरा-लाल चट्टा आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का. तो भाग कॅन्सरसाठी. कंबर शुगर-बीपीसाठी. एकाच कागदावर वर कंबर खाली तोंड, पण या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे मला आज इथेच कळलं.

आमच्याकडे मोठी अडचण मिश्रीची. हिरडीतून रक्त आलं की बायका मिश्री जास्त लावतात, म्हणतात त्यानं रक्त थांबतं. वर मॅडमनी तंबाखूचं लिहिलं ते वाचून लक्षात आलं की थांबत नाही, झाकलं जातं. दुसरं, दात साफ करायला चला म्हटलं की सासवा सांगतात, मशीन लावलं की दात हलायला लागतात. यावर काय सांगायचं ते कुणी सोपं करून सांगा.

हिरडीबाई (नाशिक)

ताई, असं सांगा: भिंत आतून पोखरलेली असते आणि बाहेरून कीटणाचा लेप धरून ठेवतो. लेप खरवडला की भिंत हलताना कळते. पोखरली लेप काढणाऱ्यानं नाही. आणि साफ केल्यावर हिरडीची सूज उतरते, त्यामुळे दात लांब दिसतात, चार दिवस गार पाणी झोंबतं. हे आम्हीच आधी सांगत नाही आणि मग सासवांचं खरं ठरतं. चूक आमची.

चुकांचंच चाललंय तर माझीही. माझ्या दवाखान्यात अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढायचं मशीन पहिल्या वर्षीच आलं. वजनकाटा यायला सात वर्षं लागली. कंबर मोजायची टेप अजून असिस्टंटच्या शिवणाच्या डब्यातली आहे.

एकशेबारा, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून ठेवतेय.

लेस्टरकर

इंग्लंडमधल्या जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, दोन वाक्यं. इथे सगळं काँप्युटरवर आहे असं तुम्हाला वाटत असेल, पण दातांच्या डॉक्टरची नोंद मला दिसत नाही आणि माझी तिला. चिठ्ठी इथेही चिठ्ठीच. २०२३ मध्ये युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेनं आणि फॅमिली डॉक्टरांच्या वोंका युरोपनं एकत्र बसून एकमतानं अहवाल काढला, मधुमेह, हृदयविकार आणि श्वसनाचे आजार यांवर. लठ्ठपणा त्याच्या मथळ्यात नाही. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं तर सहांपैकी दोघांना मधुमेहाचं नातं ठाऊक होतं, वजनाचं कुणालाच नाही. तेव्हा बार्शी एकटी नाही.

जुना_स्टेथो (बार्शी)

चार महिन्यांनी परत येतोय. दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून बाईंचं पुढे काय झालं विचारलं, म्हणून.

ॲम्लोडिपिन बंद करून बीपीच्या दुसऱ्या गोळीवर, टेल्मिसार्टनवर घेतलं, शुगरसाठी मेटफॉर्मिन सुरू केलं. हिरड्यांची सफाई त्या मुलीनं चार बैठकांत केली. खालची डावी दाढ वाचली नाही, काढावी लागली. पुढच्या दातांवरची हिरडी बरीच उतरलीय. एचबीए१सी ६.५. वजन ७६. यात गोळीचा वाटा किती, हिरड्यांचा किती आणि बाई आता आडतीवरून घरी चालत जातात त्याचा किती, हे मला विचारू नका शंकासुर, एका पेशंटवरून ते सांगता येत नाही हे तुम्हीच मला सांगाल.

एकशेबारांचा प्रश्न मी त्यांना विचारला होता, काय चावता येतं म्हणून. बाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, शेंगदाण्याची चटणी सोडून दोन वर्षं झाली." सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं शेंगदाण्याची चटणी सोडणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. ते त्यांच्या कार्डावर कधी आलं नव्हतं, कारण कार्डावर तसा रकानाच नव्हता. आता मी पेननं उभी रेघ मारून एक रकाना केलाय. वर लिहिलंय "तोंड". रोज साठ जणांचा ओठ उचलणं जमत नाही, खोटं कशाला बोलू. बीपी, शुगर आणि कंबर या तिघांपैकी काहीही जादा असलं की उचलतो. दिवसाला बारा-पंधरा होतात. कंपाउंडर पहिल्या आठवड्यात कुरकुरला की हातमोजे लवकर संपतात. आता तोच बाहेर बाकड्यावर विचारून ठेवतो, "थुंकल्यावर लाल दिसतं का?" आणि कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेननं ठिपका देतो. ही त्याची स्वतःची पद्धत, मी शिकवलेली नाही.

सगळ्यांत वेळ लागला तो चिठ्ठीच्या उत्तराला. हिरडीबाईंनी "ओके"चा किस्सा सांगितल्यावर तर आणखीच. तीन कागद फाडले. शेवटी जे गेलं ते असं:

"डॉक्टर, आपली चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली. उशीर झाला. एचबीए१सी ७.१ होती, आता ६.५. बीपीची गोळी बदलली आहे, नवीन गोळी टेल्मिसार्टन ४०. सोबत आणखी तीन पेशंट पाठवतो, तिघांच्या कंबरा आणि शुगर मागच्या बाजूला लिहिल्या आहेत. दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा २६ वर्षांचा आहे, वजन ९४, शुगर सध्या बरी, पण ओठ उचलल्यावर मला पुढच्या खालच्या दातांत फट दिसली. मला बरोबर दिसली का ते कळवावं."

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. पावतीपुस्तकातलाच कागद.

"बरोबर दिसली सर. ६ मिमी."